शिशाचं बाळसं

मी एक जुना वजनकाटा आहे, आणि माझ्या उभ्या आयुष्यात मी एकदाही खोटं बोललेलो नाही.

मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माझ्या लोखंडी पायावर 'कधीही गंजणार नाही' असं ठळक कोरलेलं आहे. ते तुम्ही वाचाल आणि मग पायाकडे बघाल. ते म्हणणं कारखान्याचं आहे, माझं नव्हे. मी फक्त टोपलीत जे ठेवाल त्याचं वजन सांगतो. टोपलीत नेमकं काय ठेवलंय हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. त्यामुळे मी सत्यवचनी आहे की नुसताच गप्प बसणारा, याचा निकाल पुढची हकिगत ऐकून तुम्हीच लावा.

माझा जन्म मेलबर्नच्या एका ओतशाळेत झाला. त्याच साच्यातून माझी अकरा भावंडं निघाली. सात खाटकांकडे गेली, तीन बटाट्याच्या वखारीत, एक टपाल कचेरीत. मला तेवढी वेताची टोपली बसवली आणि बालसंगोपनाच्या पवित्र कार्याला लावलं. खाटकाकडचा काटा आणि मी, आमच्यात फरक तो एवढ्या टोपलीचाच.

मी सिस्टर ड्रूरीच्या हाताखाली रुजू झालो. ही सरकारी बालआरोग्य परिचारिका. एकटी, उंच, कडक इस्त्रीची, छातीवर उलटं घड्याळ टाचलेली. तिच्या लहानशा गाडीच्या मागच्या सीटवर करड्या घोंगडीत गुंडाळून मी आठवडाभर किनाऱ्यावरची पाच गावं फिरायचो. गुरुवारी स्टंप बे. स्टंप बेत मासे डबाबंद करण्याचा एक कारखाना होता, एक धक्का होता आणि कोळ्यांचं एक सभागृह होतं. त्या सभागृहात टेबल मांडून त्यावर मला ठेवत. समोरच्या बाकावर आया बसत, मांडीवर बाळं घेऊन, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारख्या चेहऱ्याने.

माझा फार मान होता तिथे. सोळा औंसांचा एक पौंड, आणि बाळाने आठवड्याला सहा ते आठ औंस वाढायचं, असा दंडक होता. सिस्टरने दांडीवरचं वजन सरकवायला घेतलं की त्या आईचा श्वास थांबायचा. दांडी सरळ झाली की सुटायचा. एवढा दरारा टपाल कचेरीतल्या भावाच्या वाट्याला काही आला नसेल.

नियम दोनच होते. पहिला, निळ्या कार्डाचा. प्रत्येक आईला एक निळं कार्ड मिळे. त्यावर पाजण्याच्या वेळा छापलेल्या: सहा, दहा, दोन, सहा, दहा. दर वेळी दहा मिनिटं एका बाजूला, दहा मिनिटं दुसऱ्या. मधे बाळाला घ्यायचं नाही. मधे घेतलं तर पोट बिघडतं आणि स्वभावही. स्टंप बेत घड्याळाचीही गरज नव्हती, कारण कारखान्याची शिट्टी दिवसभर नेमकी त्याच वेळांना व्हायची. दुसरा नियम थंडीचा. जुलै म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, आणि सभागृहाच्या फळ्यांमधून समुद्रावरचं वारं थेट आत येई. म्हणून थंडीत बाळं उघडी करायची नाहीत, कपड्यांसकट ठेवायची आणि दहा औंस वजा करायचे. कुणाच्या अंगावर एक झबलं असेल, कुणाच्या अंगावर आजीने विणलेले तीन थर असतील. नियमाला ते दिसत नसे. कपडे म्हणजे दहा औंस.

त्या हिवाळ्यात वाल्डा हॉस्किंग आपल्या बाळाला, ग्रेमला, घेऊन यायला लागली.

वाल्डा आतल्या गव्हाच्या मुलखातली. आई लहानपणीच गेलेली. वय बावीस, पहिलंच बाळ, नवरा लेस तीन-तीन आठवडे शार्कच्या बोटीवर. घरी सासू, आयव्ही. सात पोरं वाढवलेली बाई, आणि ते सातही जणांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगणारी.

सहाव्या आठवड्यात ग्रेम आठ पौंड चार औंस भरला. सातव्या आठवड्यात आठ पौंड चार औंस. सिस्टरने पेन्सिल कार्डावर टेकवली आणि काही लिहिलं नाही. न लिहिण्याचाही एक आवाज असतो, तो बाकावर सगळ्यांना ऐकू गेला.

"माझ्याला बघ," शेजारची बेरिल टॉन्किन म्हणाली. तिच्या मांडीवर एक गोल गरगरीत पोरगा होता. "तिसरी हनुवटी आली. काल लंगोटाची पिन लागेना. तुझा रडतो का गं?"

"थोडा," वाल्डा म्हणाली.

"थोडा?" मागून आयव्ही म्हणाली. "आमच्या आळीतली कुत्री गाव सोडून गेली."

"आई, हळू बोला ना."

"मी हळूच बोलतेय. अगं, रडलं की घ्यावं अंगावर. माझ्या सातांतल्या एकाला मी घड्याळ दाखवलं नाही."

"तुम्ही त्यांच्या हिरड्यांना ब्रँडीही चोळायचात."

"मग? झोपायची की."

मित्रांनो, इथेच घोटाळा झाला. आयव्हीच्या पोतडीत शहाणपण आणि ब्रँडी एकाच कप्प्यात असायचं. वाल्डाने दोन्ही एकदमच नाकारलं. तिला आईकडून काही मिळालं नव्हतं आणि सासूचं पटत नव्हतं. राहिलं ते निळं कार्ड. निदान ते छापलेलं होतं.

आठव्या आठवड्यात आठ पौंड तीन औंस.

"वेळा पाळता ना, मिसेस हॉस्किंग?"

"पाळते सिस्टर. शिट्टीवर."

"मधे घेत नाही ना?"

"नाही. तो रडायला लागला की मी परसात जाऊन उभी राहते. आत असलं की राहवत नाही." तिने खालच्या आवाजात विचारलं, "सिस्टर, तो रडला की माझं दूध आपोआप वाहायला लागतं. पोलकं भिजतं. ते चालतं का?"

"आत दुहेरी फडकं ठेवा," सिस्टर म्हणाली.

मी लोखंडाचा आहे. पण त्या दिवशी मलाही वाटलं की या खोलीत कुणीतरी काहीतरी बोलायला हवं. बाकावर चार बाया होत्या. त्या आपापल्या बाळांची टोपडी नीट करत होत्या.

मग सिस्टरने सांगितलं. पुढच्या गुरुवारपर्यंत वजन वाढलं नाही तर बाळाला शहराच्या इस्पितळात पाठवावं लागेल. दोनशे मैल. तिथे पंधरा दिवसांत बाळसं धरतात पोरं.

"आणि मी?"

"आयांना रविवारी दोन ते तीन भेटता येतं. काचेतून. तुम्ही इथे आराम करा. दमलेल्या दिसता."

वाल्डाने बाळाला गुंडाळलं, पण दुपट्याची गाठ तीनदा सुटली. शेवटी आयव्हीने बांधली. आयव्ही त्या वेळी काही बोलली नाही, ही गोष्ट स्टंप बेच्या इतिहासात नोंदवण्यासारखी होती.

नवव्या आठवड्याच्या गुरुवारी ग्रेमला टोपलीत ठेवलं आणि मला लगेच कळलं. बाळाचं वजन टोपलीभर पसरतं, हलतं, लाथा झाडतं. हे जे जास्तीचं होतं ते झबल्याच्या खालच्या घेराशी गपचूप एका ओळीत बसलं होतं. थंड होतं. लेसच्या शेडमध्ये गळाच्या दोरीला लावायच्या शिशाच्या गोळ्यांचा एक डबा होता. वाल्डाने झबल्याची दुमड उसवून त्यातल्या काही आत घातल्या होत्या आणि पुन्हा टाके घातले होते. टाके फार सुबक होते. झोप न मिळालेल्या बाईने असे टाके कसे घातले कोण जाणे.

सिस्टरने वजन सरकवलं. कपड्यांचे दहा औंस वजा केले. "आठ पौंड नऊ. सहा औंसांची वाढ." तिने लाल शाईची दौत काढली. चांगली बातमी ती लालने लिहायची. "पाहिलंत? नियम पाळला की फळ मिळतं. आता मागची तूट तेवढी भरून काढायला हवी."

"हो," वाल्डा म्हणाली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. एखाद्याला फाशीच्या ऐवजी जन्मठेप झाली की त्याचा चेहरा असा होत असावा.

खोट्या वजनाची एक गंमत असते, मित्रांनो. ते एकदा घातलं की काढता येत नाही. दर आठवड्याला वाढवावंच लागतं. दहाव्या गुरुवारी वाल्डाने मागची तूट भरून काढली. किती गोळ्यांना किती औंस हे तिला ठाऊक नव्हतं, तिच्या घरी काटा नव्हता. वजन भरलं नऊ पौंड सात औंस. त्यातलं बाळ आठ पौंड दोन औंसांचं होतं, बाकी लेसचं.

सिस्टरने लाल दौत उघडली नाही. "चौदा औंस? एका आठवड्यात? मिसेस हॉस्किंग, तुम्ही जास्त पाजताय."

"नाही सिस्टर."

"मुद्दाम पाजता असं म्हणत नाही मी. पण काटा काय खोटं बोलतो?" असं म्हणून तिने माझ्या दांडीवर प्रेमाने बोट फिरवलं. आयुष्यातली माझी सगळ्यात मोठी शाबासकी ती हीच. "रात्रीचं दहाचं बंद करा. आणि बाकीच्या वेळी दहा मिनिटांऐवजी सात."

"पण तो रडतो हो. रडून रडून आवाज बसतो त्याचा."

"पोट तट्ट झाल्यामुळे. अजीर्ण आहे ते."

वाल्डाचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल. सांगितलं तर बाळ इस्पितळात जाणार. न सांगितलं तर आहे तेही दूध तुटणार. तिने तोंड मिटलं, झबल्याचा घेर खुळखुळू नये म्हणून मुठीत धरला आणि बाळ उचललं.

दाराशी आयव्हीने नातवाला घ्यायला हात पुढे केले. "अगं, हा वरून पिसासारखा आणि खालून एवढा जड कसा?"

"लंगोट ओला आहे," वाल्डा म्हणाली.

त्या आठवड्यात मी इतर चार गावांची बाळं तोलली. सगळी बरोबर तोलली. काटा दुसरं करणार काय? वाटेत एका कड्याशी गाडी थांबवून सिस्टर रोजच्यासारखं अंड्याचं सँडविच खाई आणि समोरच्या समुद्राला म्हणे, "हॉस्किंग बाळ मार्गी लागलं." समुद्राचं यावर काही म्हणणं नव्हतं.

अकराव्या गुरुवारी वाल्डा उशिरा आली. दहाची शिट्टी होऊन दीड तास झाला होता. आयव्ही मागे होती. ग्रेम रडत नव्हता. डोळे अर्धे उघडे ठेवून तो छताकडे बघत होता. बाकावरच्या बायांनी त्याबद्दल वाल्डाचं अभिनंदन केलं.

"लागलं बाई वळण एकदाचं," बेरिल म्हणाली.

वाल्डा बाकावर बसली नाही. सरळ टेबलापाशी आली आणि बाळाचे कपडे काढायला लागली. टोपडं, लोकरी जाकीट, मोजे, झबलं, लंगोट.

"मिसेस हॉस्किंग, थंडी आहे. आपण कपड्यांसकट घेतो."

"ठाऊक आहे मला."

तिने उघड्या बाळाला माझ्या टोपलीत ठेवलं. सिस्टरने सवयीने वजन साडेनऊच्या खुणेवर नेलं. दांडी हलली नाही. नऊवर आणलं. हलली नाही. साडेआठ. सिस्टरने मला टिचकी मारली. त्या एका टिचकीत माझी पंचवीस वर्षांची नोकरी गेली असं मला वाटलं. आठवर दांडी सरळ झाली.

"काटा बिघडलाय," सिस्टर म्हणाली.

"नाही बिघडला." वाल्डाने बाळाला उचलून आयव्हीकडे दिलं आणि टोपलीत नुसतं झबलं ठेवलं. "आता बघा."

एक पौंड सात औंस. सिस्टरने ते झबलं हातात घेतलं, खिशातून कात्री काढली आणि घेराचा एक टाका कापला. शिशाच्या गोळ्या टेबलावरून घरंगळत जमिनीवर गेल्या आणि फळ्यांवरून बाकाखाली.

"लेसच्या आहेत," वाल्डा म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "परत आला की मागेल. सिस्टर, त्याला नेऊ नका म्हणून मी हे केलं. आता मी तसं म्हणत नाही. घेऊन जा. आजच्या गाडीने न्या. काचेतून तर काचेतून. माझ्याकडे राहिला तर मरेल तो."

मित्रांनो, नियम स्पष्ट होता. चारला शहराकडे जाणारी गाडी होती, आणि कारखान्याच्या कचेरीत टेलिफोन होता. सिस्टरने आयव्हीकडून बाळाला घेतलं, दुपट्यात गुंडाळलं आणि ती दाराकडे वळली. आयव्ही तिच्या वाटेत उभी राहिली नाही, पण बाजूलाही झाली नाही.

तेवढ्यात ग्रेमने मान वळवली. सिस्टरच्या इस्त्रीच्या बाहीचं टोक त्याच्या तोंडाला लागलं, ते त्याने धरलं आणि चोखायला लागला. आवाज न करता, सगळा जीव लावून. सिस्टर बघत राहिली. बाहीवर ओला डाग वाढत चालला.

"घ्या त्याला," ती म्हणाली.

"कुठे?" वाल्डाला कळेना.

"अंगावर घ्या."

"पण साडेअकराच वाजलेत. शिट्टी दोनला."

"मला घड्याळ कळतं, मिसेस हॉस्किंग."

"उठा गं, जागा द्या," आयव्ही म्हणाली, आणि आपला कोट अंगावरून काढून तिने वाल्डाच्या खांद्यांवर टाकला. वाल्डा बसली. बाळ पहिल्यांदा धडपडलं, सुटलं, खोकलं, मग लागलं. दहा मिनिटं झाली तेव्हा वाल्डाने घाबरून वर पाहिलं. सिस्टरने छातीवरचं घड्याळ काढून खिशात टाकलं होतं.

पंधरा मिनिटं झाली. वीस. मग बेरिलनेही निमूट पोलक्याची बटणं सोडली आणि तीन हनुवट्यांना अंगावर घेतलं.

वाल्डा तिच्याकडे बघत राहिली. "आत्ता?"

"याला रोज याच सुमारास लागते भूक."

"शिट्टी नाही झाली."

"शिट्टी मासे भरणाऱ्यांसाठी असते गं," बेरिल म्हणाली. "मी कधी पाजलं शिट्टीवर? मागितलं की देते. ही पण. ती पण." बाकावरच्या दोघींनी खाली पाहिलं.

"मग सिस्टर विचारायच्या तेव्हा तू हो का म्हणायचीस?"

"हो म्हणायचं आणि घरी जाऊन पाजायचं. हे काय कुणी शिकवावं लागतं?"

"मला कुणी सांगितलं नाही," वाल्डा म्हणाली.

सबंध स्टंप बेत निळं कार्ड पाळणारी आई ती एकटीच निघाली. सिस्टर टेबलापाशी पाठमोरी उभी होती आणि माझी टोपली पुसत होती. ती आधीच स्वच्छ होती.

चाळीस मिनिटांनी ग्रेम आपणहून सुटला, तोंड उघडं टाकून झोपला. सिस्टरने त्याला पुन्हा टोपलीत ठेवलं. आठ पौंड पाच औंस. पाच औंस दूध. वाल्डाने तो आकडा ऐकला आणि मग ती जी रडायला लागली ती थांबेना. आयव्ही तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि ब्रँडीचा विषय तिने काढला नाही.

चारची गाडी त्या दिवशी ग्रेमविना गेली. पुढच्या गुरुवारी तो उघड्या अंगाने आठ पौंड तेरा औंस भरला. 'जास्त पाजताय' असं सिस्टर या वेळी म्हणाली नाही.

त्यानंतर मी अठरा वर्षं काम केलं. मग किलो आले आणि माझी भाषा कुणाला कळेनाशी झाली. कुणीतरी मला परसात नेलं, टोपलीत फुलझाड लावलं, पाऊस सोसून पाय गंजला. आता त्याच सभागृहात जुन्या वस्तूंच्या खोलीत मी एका लोणी घुसळायच्या यंत्राशेजारी असतो. शाळेची मुलं येतात आणि टोपली हाताने दाबून आपल्या हाताचं वजन बघतात. दाबा, माझी हरकत नाही. फक्त एक ऐका. तुमच्या घरात किंवा शेजारी नवं बाळ आलं की सगळे विचारतात, किती भरलं? ते विचारून झालं की त्याच्या आईपाशी जरा बसा. तुम्ही खरोखर काय करता ते तिला सांगा, जे करायला हवं म्हणता ते नव्हे. आणि ती 'ठीक आहे' म्हणाली तर लगेच उठू नका. मला एवढंच सांगायचं होतं, आणि ते मला तेव्हाच सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

त्या महिन्याच्या अहवालात सिस्टर ड्रूरीने मुख्य कचेरीला कळवलं की स्टंप बेच्या एकोणीस बाळांपैकी एकोणीसही बाळं छापील वेळापत्रकावर उत्तम वाढत आहेत. मुख्य कचेरीने आणखी पाचशे कार्डं पाठवली.